वरंधा ते आंबेनळी: मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर

दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून गाडीच्या हँडलला होता. फुलं सुकली होती, तरी काढायला हात होत नव्हता. शेवटी पहाटे पाचला पार्किंगमध्ये मीच तो सोडवून तुळशीच्या कुंडीत ठेवला. घाटातल्या वाऱ्यानं दोरा सुटला आणि चाकात गेला तर, ही शंका एकदा मनात आली की पूजा पूजेच्या जागी.

आमची मोटारसायकल मीटिअर ३५०. वजन १९१ किलो, पण सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर, त्यामुळे माझे दोन्ही पाय नीट टेकतात. गेल्या वर्षी घेताना मी दुकानात आधी पाय टेकवून बघितले आणि मगच हो म्हटलं. एक्कावन्नाव्या वर्षी मी गिअरची गाडी शिकत होते. लायसन्स होतं ते बिनगिअरचं, सगळी वर्षं स्कूटरवर गेलेली. आरटीओत जाऊन परत आठाचा आकडा काढून दाखवला आणि गिअरच्या गाडीची नोंद चढवून घेतली. मग आधी कॉलनीत, नंतर शहरात, मग सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, मग पौडपर्यंत. मोठा घाट तेवढा राहिला होता.

बेत असा होता: भोरवरून वरंधा घाट यांनी उतरवायचा, मी मागे. पोलादपूरजवळ यांच्या आत्याकडे जेवण. तिथून आंबेनळी घाट मी चढवायचा, थेट महाबळेश्वरपर्यंत. मग पसरणी घाट, वाई आणि हायवेनं परत पुणे. एकूण तीनशेच्या थोडं वर किलोमीटर. आठवड्याच्या मधला वार मुद्दाम धरला. नवशिक्यानं शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या रस्त्याला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आदल्या संध्याकाळी चेनला तेल घातलं, ब्रेक बघितले, हवा भरली. दोघं बसणार असलो की मागच्या चाकात जास्त हवा लागते, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण वाचत नाहीत. आरसे दोघांच्या उंचीला वेगळे लावावे लागतात. म्हणून पाना आणि एक जुनं फडकं सीटखाली. रेनकोट, पाण्याच्या बाटल्या, चिक्की. ओढणी घ्यायची नाही हा माझा नियम.

वरंध्याशी माझं जुनं नातं आहे. लग्न झालं त्या वर्षी, १९९८ च्या मे महिन्यात, मी पहिल्यांदा सासरच्या गावी गेले ती याच घाटानं, मोठ्या दिरांच्या राजदूतवर. साडी नेसून, दोन्ही पाय डाव्या बाजूला, एक हात यांच्या कमरेला आणि एक मागच्या दांडीला. मोटारसायकलला मागे धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि चाकावर साडी न अडकण्यासाठी जाळी असावी असा आपल्याकडे कायद्यातच नियम आहे. बायका अशाच बसणार हे धरूनच तो केलेला असावा. पण एका बाजूला बसलं की सगळं वजन एकीकडे, मान एकीकडे, नजरही एकीकडे. त्या घाटाचा मी डावा अर्धाच पाहिला होता. उजवीकडे काय आहे ते मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

साडेपाचला निघालो. कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. हायवे तो हायवे. कापूरहोळला उजवीकडे वळलं आणि गारवा एकदम बदलला. भाताची खाचरं पिवळी पडली होती, त्यावर धुकं गुडघाभर. भोरला चहा घेतला आणि टाकी पूर्ण भरली. पुढे घाट उतरून बिरवाडी येईपर्यंत पेट्रोल मिळेल या भरवशावर राहू नये.

भोरपासून रस्ता नीरेच्या सोबतीनं पश्चिमेला जातो. हे हिरडस मावळ, बांदलांचं आणि बाजीप्रभूंचं. निगुडघर मागे पडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी दिसायला लागतं, आणि मग रस्ता त्या पाण्याच्या कडेकडेनं इतकी वळणं घेतो की एकच डोंगर कधी डाव्या हाताला येतो तर कधी उजव्या. ऑक्टोबरमधलं पाणी काठोकाठ. उतारांवर सोनकी अजून टिकून होती, पिवळीधमक. यांनी वेग पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. मी मागे बसून सगळं बघत होते, दोन्ही बाजूंचं.

आणि त्यातच चूक झाली.

हिरडोशीच्या पुढे झाडीतली वळणं सुरू होतात. एका डाव्या वळणावर रस्त्याच्या कामातली बारीक खडी सांडलेली होती. यांनी ती पाहिली, वेग वळणाआधीच कमी केला, गाडी अलगद डावीकडे झुकवली. मला मात्र खडी उशिरा दिसली. चाक जरासं सरकल्यासारखं वाटलं आणि मी घाबरून अंग ताठ केलं. ताठच नाही, उजवीकडे नेलं. गाडी एका बाजूला आणि मी दुसऱ्या. गाडी वळणात आत राहायची ती बाहेर निघाली, रस्त्याच्या मधल्या रेषेपर्यंत. समोरून दुधाचे कॅन भरलेला पिकअप येत होता. त्यानं हॉर्न दिला, यांनी गाडी परत आत घेतली, आणि दोघांच्या मध्ये हातभर जागा ठेवून आम्ही एकमेकांना पार झालो.

शंभरेक मीटरवर गाडी थांबली. हे काही बोलले नाहीत. हेल्मेट काढून त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, मला दिलं. माझे हात थरथरत होते.

वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या आहेत. तिथे गरम कांदाभजी आणि चहा घेऊन बसलो. समोर शिवथरचं खोरं उघडं पडलेलं. खाली त्या गर्द झाडीत कुठेतरी शिवथरघळ. शेजारी कावळ्या किल्ल्याचा डोंगर, ज्याला मधोमध चिरून हा रस्ता काढला आहे. माकडं भज्यांवर लक्ष ठेवून होती. तेव्हा हे बोलले.

"अगं, मघाशी तू कुठे बघत होतीस?"

"खडीकडे."

"मी पुढच्या झाडाकडे बघत होतो. तू खडीकडे बघितलंस, म्हणून तुला आपण तिकडेच चाललोय असं वाटलं."

मग आम्ही तिथेच उभ्या गाडीवर बसून बघितलं. स्टँड काढून यांनी गाडी पायांवर तोलली, मी मागे. मी जरा उजवीकडे कललं तरी यांना डाव्या पायानं आणि हातांनी किती जोर लावावा लागतो ते त्यांनी मला दाखवलं. माझं वजन अठ्ठावन्न किलो. म्हणजे १९१ किलोच्या गाडीच्या जवळपास तिसरा हिस्सा मीच हलवते, आणि तोही सीटच्या उंचीवरून. इतकी वर्षं मागे बसून ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, यांनीही नाही. मागे बसणाऱ्याला आपण सांगतो काय, तर घट्ट धर. बस्स.

खाली उतरताना मी नवी रीत धरली. वळण डावीकडे असलं की यांच्या डाव्या खांद्यावरून बघायचं, उजवीकडे असलं की उजव्या. अंग मुद्दाम झुकवायचं नाही, सैल सोडायचं. नजर गेली की अंग आपसूक तेवढंच जातं. ब्रेक लागला की आपण पुढे लोटले जातो, त्यासाठी मांड्या आवळून एक तळवा टाकीवर टेकवायचा, म्हणजे आपलं वजन चालवणाऱ्याच्या पाठीवर आणि पर्यायानं त्याच्या मनगटांवर येत नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. हेही तिथेच ठरवलं. वरंध्याची उतरण उभी आहे. यांनी दुसऱ्या गिअरवर गाडी इंजिनाच्या रोखावर सोडली होती. ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं उतरायचं हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं. ब्रेकवरच उतरलो तर ते तापतात आणि ऐन वेळी मऊ पडतात.

माझेरीला पोचेपर्यंत मला जाणवत होतं की यांचे खांदे खाली आले आहेत. घाटाच्या सुरुवातीला ते कानांपर्यंत चढलेले होते.

या खोऱ्यात दरड हा शब्द हलकेपणानं कुणी उच्चारत नाही. २२ जुलै २०२१ ला इथल्या तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पावसाळ्यात वरंधा घाट बऱ्याचदा बंद ठेवतात. कुणाला यायचं असेल त्यानं जिल्हा प्रशासनाचा आदेश बघूनच निघावं, बॅरिकेड बाजूला सारून जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बिरवाडीनंतर राजेवाडी फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. उजवीकडे महाड, डावीकडे पोलादपूर. आम्ही डावीकडे वळलो. सकाळची थंडी संपली होती, कोकणातला ऑक्टोबर अंगाला चिकटत होता. जॅकेटच्या चेन उघडल्या, पण जॅकेट काढलं नाही.

आत्या ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लसणीची चटणी केली होती. माझ्या हातातलं हेल्मेट त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं, म्हणाल्या, "एवढं डोक्यावर घेऊन मान नाही दुखत?" दुखते, म्हटलं. "मग जेव पोटभर." जेवण झाल्यावर तीन मोठी तवसं, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि नव्या तांदळाची पिशवी पुढ्यात आली. नाही म्हणायची सोय नव्हती. पण घाट चढायचा म्हणजे बोजा कुठे बांधतो याला महत्त्व आलं. मागे उंच बांधला तर पुढचं चाक हलकं होतं. तांदूळ दोन पिशव्यांत वाटला, तवसं दोन एका बॅगेत आणि एक दुसऱ्या, ज्या बॅगेत एक तिच्यात तांदूळ जास्त. यांनी दोन्ही बॅगा हातांत धरून तोलून बघितल्या. आत्या ओट्यावरून बघत होत्या.

आरसे फिरवले. मी पुढे बसले, हे मागे.

पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर. पोलादपूर जवळपास समुद्राच्या पातळीला, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. इंग्रजांच्या काळात याला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. सुरुवातीचा रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून सोपा जातो. उमरठचा फाटा लागतो, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तिथपर्यंत मी निवांत होते. चढ सुरू झाला आणि गाडी माझं ऐकेना.

वळणात शिरण्याआधीच ती आत पडायची. मी हँडल सावरायचे, की ती उलट बाहेर. दोन-तीन वळणं असं झालं. मग लक्षात आलं, मागच्याच्या पायाखालच्या उजव्या पायटावर दाब येतोय. हे मागे बसून ब्रेक दाबत होते, नसलेला ब्रेक. आणि वळण दिसलं की माझ्याआधीच झुकत होते, कारण त्यांच्या मनात गाडी तेच चालवत होते. रुंद जागा बघून मी थांबले.

"अहो, तुम्ही माझ्याआधी वळताय."

हे थोडा वेळ गप्प राहिले. "मग काय करू?"

"काही नका करू. माझ्या खांद्यावरून बघा."

सकाळी मला सांगितलेलं मी त्यांना सांगत होते, आणि ते त्यांनी ऐकलं, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मागे बसून हात रिकामे ठेवणं किती जड जातं ते मी त्या पायटावरच्या दाबात अनुभवलं होतं. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये तो दाब कमी होत होत गेला.

घाटात उजवी आणि डावी वळणं सारखी नसतात, हे चालवल्याशिवाय कळत नाही. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चढताना उजवं वळण बाहेरचं, म्हणजे मोठं आणि सोपं. तिथे एकच जपायचं, झुकल्यावर डोकं मधल्या रेषेपलीकडे जाऊ द्यायचं नाही. डावं वळण मात्र आतलं, छोटं आणि जास्त उभं. तिथे दुसरा गिअर पुरेल असं वाटतं आणि पुरत नाही.

प्रतापगडाच्या अलीकडे, अशाच एका डाव्या वळणावर माझी गाडी बंद पडली. दुसऱ्या गिअरवर शिरले, वरून एसटीचा हॉर्न ऐकू आला, मी थ्रॉटल सोडला, इंजिन दोनदा अडखळलं आणि थांबलं. उभा चढ, मागे नवरा, बॅगांत तांदूळ. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, पुढचा ब्रेक मुठीत, डावा पाय खाली. गाडी थांबून राहिली. हे मागे हलले नाहीत, पाय खाली टाकले नाहीत, एक शब्दही बोलले नाहीत. त्या क्षणी मागच्यानं पाय टाकला असता तर तोल गेला असता. एसटीचा ड्रायव्हर वरच थांबला. घाटात उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे, आणि एसटीचे चालक तो जितका पाळतात तितका दुसरं कुणी पाळताना मी पाहिलं नाही. त्यानं हॉर्न दिला नाही, दिवा मारला नाही.

क्लच दाबून पहिला गिअर. बटण. इंजिन सुरू. पुढचा ब्रेक सोडला, मागचा धरून ठेवला, क्लच अर्ध्यावर आणला, गाडी पुढे ओढायला लागली तसा मागचा ब्रेक सोडला. निघाली. वळण पार झालं, एसटीच्या खिडकीतून हात वर झाला. मीही मान हलवली, हात सोडायची हिंमत नव्हती.

दाभीळ टोकापाशी आम्ही क्षणभर थांबलो. २८ जुलै २०१८ ला इथून बस दरीत गेली, तीस माणसं गेली. यांच्या गावाकडच्या लोकांना ती बातमी तोंडपाठ आहे. कठड्याजवळ उभं राहून दोघांनी हात जोडले.

प्रतापगडावर गेलो नाही. वेळ होता, पण दोन घाटांच्या मध्ये गड घाईनं उरकावा असं वाटलं नाही. १० नोव्हेंबर १६५९ जिथे घडलं त्या डोंगराकडे रस्त्यावरून बघत पुढे निघालो. वरची झाडी सुरू झाली तशी हवा थंड झाली, सकाळी उघडलेल्या चेन परत लावल्या. शेवटच्या पाच-सहा वळणांत मी गिअर विचार न करता टाकत होते, हे मला महाबळेश्वरला पोचल्यावर लक्षात आलं.

बाजारात न थांबता आधी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाचही नद्यांचं पाणी एकत्र गोमुखातून पडतं. ज्या खोऱ्यातून दुपारभर चढत आले, त्या सावित्रीचं पाणी आहे म्हणून मी ओंजळ धरली. डावा हात क्लचमुळे इतका आखडला होता की ओंजळ नीट जुळेना. यांनी त्यांची ओंजळ खाली धरली.

पुढचा रस्ता यांनी चालवला. पाचगणीतून पटकन बाहेर पडलो. पसरणी घाटात मात्र सूर्य कलला होता आणि खाली धोम धरणाचं पाणी, कृष्णाकाठची शेतं, वाई, सगळं तांबूस झालं होतं. मी मागे होते, पण आता प्रत्येक वळणाला यांच्याबरोबर मनात गिअर उतरवत होते, आणि अंग मात्र सैल. शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव डोळ्यांसमोरून गेलं. वाईत ढोल्या गणपतीसमोर घाटाच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसलो, पाय नदीकडे करून.

अंधारात खंबाटकीचा बोगदा, मग ट्रकांच्या रांगा, मग कात्रज. साडेआठला घरी. तवसं एकही फुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोंडस, म्हणजे तवशाचा गोड केक, करायला घेतलं. किसणी हातात घेतली, पण डाव्या हाताची मूठ वळेना. मग तवसं यांनी किसलं, दोन्ही अर्धी.